गळते घर आणि मित्रधर्म

संकटकाळी उपयोगी पडतो तोच खरा मित्र, हे वचन आपणां सर्वांस शाळेतल्या क्रमिक पुस्तकांपासून पाठ आहे. त्याच्या जोडीला दोन मित्र आणि अस्वल ह्यांची गोष्टही येते. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन जमिनीवर पडतो, आणि अस्वल त्याच्या कानात उपदेश करून निघून जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या आमच्या जिल्ह्यांत अस्वले खरोखरीच आहेत, आणि मोहफुले वेचावयास रानात गेलेल्या माणसाची त्यांच्याशी गाठ पडल्याच्या हकीकती अधूनमधून कानांवर येतात. तथापि नोकरीपेशातल्या सामान्य गृहस्थास साऱ्या आयुष्यात अस्वल एकदाही भेटत नाही. त्याचे छप्पर मात्र दर दोन-तीन पावसाळ्यांआड गळते. असे असता मित्रधर्माची परीक्षा आपण नेहमी अस्वलावर का घ्यावी आणि गळत्या छपरावर का घेऊ नये, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की गळते घर ही फार मोठी आपत्ती नव्हे. मोठी आपत्ती कशी असते हे ह्या प्रदेशातील लोकांस निराळे सांगण्याची गरज नाही. २०२२ च्या जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. खाली वर्धा नदी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे इरईचे पाणी पुढे न सरकता मागे फुगते, ही तर ह्या शहराची जुनीच व्यथा आहे. भामरागडचे लोक असल्या वेढ्यास अधिकच सरावलेले. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा ह्या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले ते गाव. पर्लकोटेवरील ठेंगणा पूल बुडाला की ते जगापासून तुटे, आणि हे एकाच पावसाळ्यात अनेकदा घडे. अशा प्रसंगी मनुष्यस्वभावाचा एक चांगला विशेष दृष्टीस पडतो. शाळांच्या खोल्या उघडल्या जातात, वरच्या मजल्यावर अनोळखी कुटुंबाचे अंथरूण पसरते, एका पातेल्यातील खिचडी दहा ताटांत वाढली जाते. आणि घेणारा घेताना खाली पाहत नाही. कारण उघड आहे. पूर सर्वांवर येतो. त्यात कोणा एकाची अब्रू जात नाही.

गळतीची गोष्ट अगदी निराळी. ती एकट्या घराची असते, आणि म्हणून घरधन्यास ती आपल्या अंगच्या दोषासारखी भासते. पूर्वी असे नव्हते. कवेलूंचे घर गळणारच, हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. वानरांच्या टोळ्या घरांवरून उड्या मारीत, कवेलू फुटत. मृग लागण्यापूर्वी ते फेरावे लागत, आणि फेरूनही एखादी जागा चुकेच. मग खाट इकडून तिकडे सरकवावी, गळक्या जागी परात ठेवावी आणि गप्पा पुढे चालवाव्या, असा सार्वत्रिक प्रघात होता. आता बहुतेक मध्यमवर्गीय घरांवर सिमेंटचा स्लॅब आला आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. स्लॅब दिवसा तापून प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो, त्यास केसांएवढ्या चिरा पडतात, आणि पावसाची झड लागली म्हणजे पाणी त्या चिरांतून वाट काढते. तेही सरळ नव्हे. शिरते एका कोपऱ्यात आणि प्रकट होते दुसऱ्याच भिंतीवर. कवेलूंच्या फटीतून उजेड दिसे, त्यामुळे दुखणे कोठे आहे ते कळे. स्लॅबचे दुखणे झाकलेले असते, आणि त्याबरोबर आपणही आपली दुखणी झाकावयास शिकलो, अशी आमची समजूत आहे. भिंतीवर ओल आली की तिच्यापुढे कपाट सरकवावे, गिलाव्याचे पोपडे सुटले की त्यांवर दिनदर्शिका टांगावी, ही आजची रीत होय.

ह्या रीतीचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले, ते येथे सांगितले असता विषय अधिक स्पष्ट होईल. एका आषाढात शनिवार-रविवार साधून आम्ही चौघे जुने सहाध्यायी चंद्रपुरातील एका स्नेह्यांकडे जमलो होतो. बेत साधाच होता. ताडोबाचे मुख्य जंगल पावसाळ्यात पर्यटकांस बंद असते, तेव्हा हिंडण्याफिरण्याचा प्रश्न नव्हता. गोळाभात खावा, पत्ते खेळावे, आणि विद्यार्थिदशेतील प्राध्यापकांच्या नकला कराव्या, एवढाच हेतू. आदल्या रात्रीपासून झड लागलेली होती. यजमानांनी मोठ्या उल्हासाने आमचे स्वागत केले. मात्र आतल्या खोलीचे दार लावलेले होते, आणि ते स्वतः नेहमीपेक्षा पुष्कळच मोठ्याने बोलत होते. थोड्या वेळाने त्याचे कारण कळले. ते बोलावयाचे थांबले की दाराआडून टप्, टप् असा आवाज येई. आम्ही सर्वांनी तो ऐकला, आणि सभ्यपणास अनुसरून आमचाही आवाज चढला! पाच सुशिक्षित गृहस्थ एका बादलीचा आवाज बुडविण्यासाठी अर्धा तास ओरडत होते. अखेर वहिनी बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आता लपवून काय उपयोग? आत तीन भांडी लावली आहेत, आणि पुस्तकांचे कपाट भिजते आहे. चहा मागाहून घ्या, आधी त्याला हात लावा."

पुढची दुपार कशी गेली ते आम्हांस कळलेही नाही. एकाने त्या खोलीतील विजेचा खटका बंद केला. दुसरा छत्री घेऊन गच्चीवर गेला, तो कडुनिंबाच्या पाल्याने पाणी जाण्याची नळी तुंबलेली. ती मोकळी होताच गच्चीवरचे तळे सरसर ओसरले, आणि उरलेल्या चिरांवर ताडपत्री अंथरता आली. आम्ही दोघे पुस्तके एकेक करून पुसत होतो आणि पानांच्या मधून वर्तमानपत्राचे कागद घालून ती बाहेरच्या पंख्याखाली उभी करीत होतो. मधूनच एखाद्या पुस्तकात जुने पत्र किंवा वसतिगृहाच्या खाणावळीचा हिशेब सापडे, आणि काम थांबून हशा होई. पत्ते त्या दिवशी कोणी पिसले नाहीत, आणि त्यांची कोणास आठवणही झाली नाही.

आता यजमानांनी दार लावून घेतले हे चूक होते असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने एक थोर साक्षीदार उभा आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात, मित्रांची गरज सुखात अधिक की दुःखात, हा प्रश्न घेतला आहे. त्याचा निर्णय थोडक्यात असा की सुखाच्या प्रसंगी मित्रांस तत्परतेने बोलवावे, दुःखाच्या प्रसंगी कचरत बोलवावे. कारण आपल्या दुःखाचा भार मित्रावर पडावा हे उदार मनास रुचत नाही. यजमानांचे बंद दार ह्या वृत्तीचेच फळ होते. परंतु त्याच ठिकाणी ॲरिस्टॉटलने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी की, मित्रास थोडी तोशीस पडून आपले मोठे काम होण्यासारखे असेल, तर त्यास अवश्य बोलवावे. दुसरी अशी की, आपला मित्र अडचणीत असेल तर आपण बोलावण्याची वाट न पाहता जावे.

ही दोन्ही टोके जुळवून पाहिली तर एक चमत्कारिक अडचण उभी राहते. अडलेल्याने सहसा बोलावू नये आणि मित्राने न बोलावता जावे, ही व्यवस्था सुंदर खरी. पण ती चालण्यास अडलेल्याची अडचण मित्रास दिसली पाहिजे. दार लावून घेतले तर न बोलावता जाणारा जाणार कोठे? म्हणजे मागू नये हा अडलेल्याचा धर्म मानला, तरी लपवू नये हाही त्याचाच धर्म ठरतो. मदत करणे हे मित्राचे कर्तव्य आहे असे आपण म्हणतो; ते कर्तव्य बजावण्यास त्यास जागा ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. मुलांस देण्याचे शिक्षण आपण लहानपणापासून देतो, घेण्याचे मुळीच देत नाही. परिणाम असा होतो की पाच-दहा हजार रुपये वर्गणी हसत देणारा गृहस्थ शेजाऱ्याकडून शिडी मागून आणावयास संकोचतो.

ह्या संकोचाच्या मुळाशी हिशेबाची भीती असते. घेतले म्हणजे फेडावे लागणार, आणि फेडीपर्यंत मान खाली. ही भीती कितपत खरी आहे, हे ठरविण्यास आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेतील तीन शब्द फार उपयोगी आहेत. पहिला शब्द मोल. काम केले, पैसे दिले, संबंध मिटला. दुसरा शब्द सावड. आज मी तुझ्या शेतावर येतो, उद्या तू माझ्या शेतावर ये. येथे पैसा नाही, पण दिवसास दिवस आणि बैलास बैल असा चोख हिशेब आहे. तिसरा शब्द इर्जिक. गावातील माणसे आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर एक दिवस राबतात. तो त्यांस मजुरी देत नाही, आणि कोण किती वेळ राबला हे कोणी मोजीत नाही. तो फक्त सर्वांस जेवू घालतो.

ह्या जेवणाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ते मजुरीच्या ऐवजी दिलेले नसते. त्याची किंमत श्रमाच्या किमतीशी कधीच जुळणार नाही. तरीही ते नसेल तर इर्जिक पुरी होत नाही. घेणारा त्या दिवशी यजमान होतो आणि देणारे पाहुणे होतात. ज्याचे काम अडले होते, तोच पंक्तीत वाढप करीत फिरतो, आणि त्याची मान ताठ राहते. आमच्या मते मैत्रीतील देवाणघेवाण ही ह्या जातीची असावी. घेणाऱ्याने परतफेड करण्याची आवश्यकता नाही. पण त्याच्या हातून काही तरी दिले जावे, आणि देणाऱ्याने ते आदराने घ्यावे, ही आवश्यकता आहे.

आपल्या पुराणांनीही हीच गोष्ट दोन जोडप्रसंगांनी दाखविली आहे. द्रोण आणि सुदामा हे दोघेही दरिद्री ब्राह्मण, दोघांचेही गुरुगृहीचे सहाध्यायी पुढे ऐश्वर्यास चढलेले. द्रोण द्रुपदाकडे जुन्या वचनाची आठवण देऊन मागावयास गेला. मैत्री समानांतच संभवते, असे द्रुपदाने त्यास ऐकविले. पुढे द्रोणाने शिष्यांकरवी द्रुपदास जिंकले, अर्धे राज्य घेतले आणि अर्धे परत दिले. हिशेब बरोबर जुळला, दोघे समान झाले. आणि मैत्री कायमची संपली. एवढेच नव्हे, तर त्या जुळलेल्या हिशेबातूनच द्रोणाच्या वधासाठी धृष्टद्युम्न जन्मास आला. उलट सुदामा कृष्णाकडे गेला तो मूठभर पोहे घेऊन. ते द्यावयास तो लाजत होता, आणि कृष्णाने ते ओढून घेऊन खाल्ले. कथेकरी ह्या प्रसंगी कृष्णाच्या औदार्याचे वर्णन करतात, ते योग्यच आहे. पण कृष्णाचे खरे औदार्य सोन्याची नगरी देण्यापेक्षा ते पोहे मागून घेण्यात आहे, असे आम्हांस वाटते. नगरी कोणीही राजा देईल. आपल्या मित्रास देणारा होऊ देणे हे थोड्यांनाच साधते.

येथपर्यंतचा विचार समान स्थितीतील मित्रांपुरता झाला. परंतु वर सांगितलेल्या प्रसंगाचा उत्तरार्ध अजून राहिला आहे, आणि त्याने हा प्रश्न अधिक बिकट केला. रविवारी सकाळी धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई नेहमीच्या वेळी आल्या आणि खोलीतील चिखल पुसावयास बसल्या. त्यांच्या लुगड्याचा काठ आधीच ओला होता. वहिनींनी खोदून विचारले तेव्हा कळले की त्यांचे घर नदीकडच्या सखल वस्तीत असून पहाटे गल्लीतले पाणी उंबरठा ओलांडून आत आले होते. धान्याचा डबा आणि अंथरुणे खाटेवर चढवून त्या कामावर आल्या होत्या. विचारताच त्या म्हणाल्या, "काही नाही जी, थोडंसंच पानी हाये. उतरल आता." शब्द निराळे, पण अर्थ आदल्या दिवशीच्या बंद दाराचाच! अब्रूची जाणीव ही सुशिक्षितांची मिरास नाही, हे त्या एका वाक्याने सिद्ध झाले.

ज्या हातांनी आमच्या घरातले पाणी पुसले जाते, त्यांच्या घरातले पाणी कोणी पुसावयाचे? न बोलावता जावे हा नियम मित्रांपुरताच की त्यांच्यापलीकडेही? वहिनींनी हा प्रश्न तत्त्वचर्चेसाठी ठेवला नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमचे पुसलेत, आता आम्ही तुमच्याकडे येतो, चला." बाईंनी दोनदा नको म्हटले, तिसऱ्यांदा म्हटले नाही. वहिनींनी सावडीची भाषा वापरली म्हणूनच त्यांस ते मान्य करता आले, हे आमच्या तेथेच ध्यानात आले. दयेची भाषा वापरली असती तर त्या खचित आल्या नसत्या. आम्ही सहा जणांनी दोन तासांत ते दोन खोल्यांचे घर उपसून धुऊन काढले. निघताना बाईंनी सर्वांस कोरा चहा दिला. कप चारच होते, म्हणून दोघांस पेल्यांतून. तो चहा नको म्हणण्याचा मोह आमच्यातील एकास झाला होता, केवळ त्यांचा खर्च वाचावा म्हणून. वहिनींनी त्यास डोळ्यांनीच गप्प केले. तो चहा म्हणजे इर्जिकीचे जेवण होते.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, अशा एका रविवारच्या श्रमाने सुखवस्तू माणसांच्या मनास समाधान वाटते, आणि त्या वस्तीतले पाणी पुढच्या आषाढात पुन्हा येते. हा आक्षेप खरा आहे. सखल जागा स्वस्त असते म्हणून गरीब माणूस पूररेषेच्या आत घर बांधतो. इरईच्या काठी कोळशाच्या खाणींतील मातीचे डोंगर उभे राहिले, त्यांनी नदीचा मार्ग अडखळला. ह्या गोष्टींचा परिहार बादल्यांनी होणार नाही. तेथे नदीचे पात्र मोकळे ठेवणे, धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी वेळेवर सूचना देणे, नुकसानीची भरपाई देणे, ही शासनाची आणि नगराची कामे आहेत; आणि ती उपकार म्हणून मागावयाची नाहीत, हक्क म्हणून मागावयाची आहेत.

त्याचप्रमाणे आणखी एक सावधगिरी राखली पाहिजे. आमच्या भाषेत वरील तीन शब्दांजवळच चौथाही एक शब्द आहे, तो म्हणजे वेठ. वरून पाहणाऱ्यास इर्जिक आणि वेठ सारखीच दिसतील. दोहोंतही राबणाऱ्यास पैसा मिळत नाही. फरक एवढाच की इर्जिकीस नाही म्हणता येते, वेठीस नाही म्हणता येत नाही. वेठबिगारीस कायद्याने १९७६ साली देशभर बंदी झाली, पण तिची सवय एवढ्या लवकर जात नाही. घरकाम करणाऱ्या बाईंस "आपल्या घरातल्याच समजतो" म्हणून जादा काम सांगावे आणि पुराच्या दिवसाचा खाडा मात्र पगारातून कापावा, हे आजही पुष्कळ सभ्य घरांत घडते. जिव्हाळ्याची भाषा बोलून मोल बुडविणे ह्याइतका मैत्रीच्या कल्पनेचा दुसरा अपमान नाही. म्हणून क्रम असा असावा: ज्याचे मोल आहे ते आधी चोख द्यावे, ज्याचा हक्क आहे तो त्यास मिळावा म्हणून त्याच्या बरोबर उभे राहावे, आणि हे दोन्ही झाल्यावर माणसामाणसांत जे उरते, त्यास इर्जिक म्हणावे.

हे उरणारे फार थोडे आहे असे मात्र कोणी समजू नये. ह्याच चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी संस्था काढली तेव्हा त्या रोग्यांस अन्नवस्त्र देणारे दाते कदाचित मिळालेही असते. बाबांचा आग्रह निराळा होता. नुसत्या दानाने माणूस खचतो, आणि कामाने तो उभा राहतो, ह्या श्रद्धेने त्यांनी झडलेल्या बोटांच्या माणसांकडून खडकाळ जमीन पिकवून घेतली. ज्यांस समाजाने केवळ घेणारे ठरविले होते ते देणारे झाले. त्यांनी पिकविलेले आणि घडविलेले निरोगी माणसांनी विकत घेतले. सुदाम्याचे पोहे कृष्णाने मागून घेतले, त्यात आणि ह्यात तत्त्व एकच आहे. कोणाही माणसास कायमचा घेणारा करून ठेवणे ही त्याची सर्वांत मोठी हानी होय, मग आपण त्यास कितीही देत असलो तरी.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. पूर आला असता सर्वच चांगले वागतात. आपत्तीच त्यांस वागावयास लावते. छप्पर गळते तेव्हा कोणतीही सक्ती नसते. दार लावून बादली ठेवता येते, पाहुण्यांस आवाज ऐकूच आला नाही असे दाखविता येते, आणि काम करणाऱ्या बाईंचा ओला काठ न पाहताही दिवस सुखाने जातो. असे असूनही जो दार उघडे ठेवतो, जो न बोलावता आत जातो, आणि जो दुसऱ्याच्या हातचा कोरा चहा आपला मान समजून घेतो, त्या तिघांच्या वागण्यातच मित्रधर्म पूर्ण होतो. ह्यांपैकी दुसरी गोष्ट आपण मुलांस शिकवितोच. पहिली आणि तिसरी शिकविण्यास घरासारखी शाळा नाही, आणि आमच्या प्रदेशात तरी त्या शाळेचे सत्र दर वर्षी मृगापासून सुरू होते.